न वितळणारी राळ

एका राज्यात कर्कोट नावाचा मांत्रिक होता. त्याने झाडाशिवाय राळ केली. दोन काळे द्रव कढईत ढवळले की ती घट्ट होई आणि पुन्हा कशानेही वितळत नसे. राजा हरखला. त्याने रानातून राळ आणणाऱ्यांना हाकलले आणि आपल्या नव्या नौकेच्या फटी या राळेने बुजवायला सांगितल्या.

पण ती राळ शापित होती. हात लावेल त्यालाच धरून बसे. होड्या बांधणारा रावळू कमरेपर्यंत तिच्यात अडकला. नौका पाहायला आलेल्या राजाचा उजवा हात चिकटला. राळ रोज वीतभर वर चढू लागली. लोहारांनी ती लाखेसारखी तापवली. जाळ लागताच ती आणखी कडक झाली.

"गोजरे," रावळू बायकोला म्हणाला, "वीस वर्षं म्हणत होतीस, जरा एका जागी बसा. बसलो बघ."

"बोलू नका. दम राखा," ती म्हणाली आणि रानात गेली.

तिथे धनेश पक्षी तिला म्हणाला, "कढईतल्या राळेला आई नाही. म्हणून ती दिसेल त्याला धरते. तिला सालवृक्षाची राळ दे, सालईच्या झाडाचा धूप दे, कुसुमाच्या झाडावरची लाख दे. पण झाडाला नवी जखम करू नकोस."

सालाच्या जुन्या भेगेत वाळलेली राळ मिळाली. सालईखाली गळालेले खडे मिळाले. कुसुमाच्या फांद्या लाखेने लाल झाल्या होत्या. एव्हाना राळ रावळूच्या गळ्याशी आली असेल. गोजराचा कोयता भराभर लाख खरवडू लागला, आणि मग थांबला. ती लाखेच्या बांगड्या करणाऱ्या घरातली लेक. बियाण्याच्या फांद्या खरवडायच्या नसतात. लाखेचे किडे पुढच्या हंगामात त्यांवरूनच पसरतात. ओंजळभर लाख घेऊन ती परतली.

राळ रावळूच्या ओठांना टेकली होती.

"एवढीशी?" कर्कोट हसला.

"आधी आमचा हात सोडव!" राजा ओरडला.

"महाराज, आपला श्वास चालू आहे," गोजरा म्हणाली. तिने तिन्ही जिन्नस एकत्र वितळवले आणि नवऱ्याच्या हनुवटीवर लेप लावला.

राळेला झाडाचा वास आला. ती मऊ झाली, मधासारखी ओघळली, आणि ओघळता ओघळता खालच्या राळेला सोडवत गेली. छाती सुटली, पाय सुटले, राजाचा हात सुटला. ओघळ कढईपर्यंत पोहोचला. कढईतली राळही ओघळून नदीत गेली आणि तिच्याबरोबर कर्कोटाची सारी विद्या वाहून गेली. उरला ओल्या धोतरातला एक म्हातारा.

राजाने रानातल्या माणसांना मानाने परत बोलावले. त्यांनी आणलेल्या राळेने नौका सांधली गेली. ती पाण्यात उतरली तेव्हा आत थेंबभरही पाणी शिरले नाही, आणि दोन्ही काठांवर नगारे झडले.

जसे त्यांचे बंध सुटले, तसे ऐकणाऱ्यांचेही सुटोत.