उघडी विहीर

“पण विहिरीला कठडा का नाही बांधायचा, बाबा?”

कालिंदी मठात आली त्या दिवशीच तिला बजावलं होतं : मठाच्या पाण्याला कुंपण घालायचं नाही. मठ स्थापणाऱ्या मूळ गोसाव्यांचा शब्द आहे. त्याला ‘का’ विचारायचं नसतं.

आज तिनं विचारलं.

कारण समोरच, कडुलिंबाखाली पडलं होतं. बिबट्याची मादी. पहाटे विहिरीत पडली. सगळ्यांनी मिळून बाज दोर बांधून खाली सोडली, पण बाजेवर चढायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं; बाहेर काढली ती मेलेलीच. कालिंदीच्या तळव्यांवर दोराचे वळ होते. मादीच्या अंगावरचं पाणी अजून फरशीवरून ओघळत होतं.

ओसरीवर टेकलेल्या मठाधिपती उमागिरीबाबांनी डोळे मिटून घेतले.

उत्तर आलं ते पंचांकडून. मठाचा कारभार पाहणारी ही म्हातारी मंडळी कालिंदीच्या दीक्षेसाठी जमली होती. तबकात रुद्राक्षांची माळ तयार होती.

“सरकार काय झोपा काढतंय?” भिकाजीअण्णा तणतणले. “जंगल राखायचं त्यांनी, अन् जनावरं मरायची आमच्या विहिरीत!”

“मोर्चा नेऊ,” रामजीतात्या म्हणाले. “सबंध जंगलाला तारेचं कुंपण घाला म्हणावं.”

“जंगलाला कुंपण चालतं, तात्या? विहिरीलाच तेवढं नाही?”

“तू गप गं! चार बुकं शिकलीस म्हणून काय मोठ्यांच्या तोंडी लागायचं?”

पंचनामा लिहिणाऱ्या वनरक्षकानं मान वर केली नाही. “अण्णा, कठड्याचा खर्च सरकार देतंच आहे. गेल्या उन्हाळ्यात विचारायला आलो होतो. तुम्ही चहा पाजून परत पाठवलंत.”

“मग काय मूळ गोसाव्यांचा शब्द मोडायचा होता?”

वनरक्षक पुन्हा लिहू लागला. त्याला हे उत्तर पाठ होतं.

बाबांनी डोळे उघडले. आवाज फार थकलेला होता.

“कालिंदी, तू सांग. सरकारनं काय करावं?”

“परवानग्या मागत हिंडू नये. हुकूम काढावा. जंगलालगतची एकही विहीर उघडी दिसता कामा नये. ठेवील त्याला दंड. मग तो शेतकरी असो, नाहीतर मठ.”

“बरं. काढला हुकूम. मग?”

“मग... पाळायचा.”

“कुणी?”

तिनं दोराच्या वळांकडे पाहिलं. तळवे चुरचुरत होते...

“बाबा, उन्हं वर आली,” अण्णा म्हणाले. “माळ घालून टाका. पोरगी एकदा वचनात अडकली की होईल शांत.”

बाबांनी तबक तिच्यापुढे सरकवलं.

“म्हण. मूळ शब्द जसाच्या तसा पाळीन.”

कालिंदीनं माळेकडे पाहिलं. याच माळेसाठी तिनं ठरलेलं लग्न मोडलं होतं. निघताना वडील म्हणाले होते, आता हे घर तुझं नाही. आज माळ घातली नाही, तर मठही तिचा राहणार नव्हता.

मग तिनं मादीकडे पाहिलं.

“त्यांनी शब्द दिला तेव्हा पाणी काठाशी होतं, बाबा. कोल्ह्यानं मान वाकवली की तोंडाला लागायचं. आपण मोटर बसवली. पाणी तळाला गेलं, शब्द तेवढा काठावर राहिला.”

“कालिंदी!” तात्या ओरडले.

“ओरडा, तात्या. पहाटे तीही ओरडत होती. तेव्हा मोर्चा कुठं नव्हता, सरकारही नव्हतं. विहीर मात्र आपली होती.”

तिनं तबक मागे सारलं.

“हे वचन मी देणार नाही. नको मला माळ.”

तात्या फरशीवरच्या ओल्या डागाकडे पाहत राहिले. वनरक्षकाचं पेनही थांबलं.

गुडघ्यांवर हात टेकत बाबा उठले. तबकातली माळ त्यांनी उचलली आणि अण्णांच्या हातात ठेवली.

“तिच्या गळ्यात नको,” ते म्हणाले. “विहिरीच्या गळ्यात घाला, कठड्याची.”