न झेपणारा कमठा

फार मागची गोष्ट आहे. तेव्हा रान माणसांच्या अंगणापर्यंत यायचं, आणि माणसं रानाचा अंदाज घेऊनच शेत पेरायची. मुलांनो, आणि मुलांच्या मागे बसून ऐकणाऱ्या मोठ्यांनो, त्या काळी डोंगरातल्या एका पाड्यावर लखमा नावाचा तरुण राहायचा. घरात तो आणि त्याची थोरली बहीण पुनी, एवढीच माणसं.

लखमा बांबूच्या टोपल्या विणायचा. शिकार त्याने कधी केली नव्हती. पण त्या वर्षी पाड्यावरच्या म्हाताऱ्या शिकाऱ्याची नजर अधू झाली, आणि नेमकी तेव्हाच नाचणीच्या शेतांत रानडुकरं घुसू लागली. कणसं भरत आली होती. ती गेली तर पुढच्या सुगीपर्यंत खायचं काय, या काळजीने घराघरांतलं बोलणं कमी झालं होतं. सगळ्यांनी मिळून ठरवलं, लखमाचा हात स्थिर आहे, त्याने शिकारी व्हावं. हत्यार म्हणून कमठा, म्हणजे धनुष्य, घ्यायला पाड्याने त्याला एक दुभती शेळी आणि मधाचा घडा दिला.

तो बाजाराला निघताना म्हातारा शिकारी म्हणाला, "लखमा, तुला झेपेल असाच कमठा घे. आणि तीर भरपूर घे. नव्या माणसाचे तीर फार हरवतात."

"हो आजा," लखमा म्हणाला. पण त्याचं लक्ष आजाच्या बोलण्यात नव्हतं. आपल्याला जमेल का, आणि नाही जमलं तर लोक काय म्हणतील, एवढंच त्याच्या डोक्यात घोळत होतं.

बाजारात एक बाई बांबूचे साधे कमठे घेऊन बसली होती. तिने एक कमठा पुढे केला. "ओढून बघ, दादा."

लखमाने दोरी ओढली. ती सहज कानापर्यंत आली.

"चांगला बसतोय तुझ्या हाताला," बाई म्हणाली. "मध ठेव आणि कमठा घेऊन जा. भाता भरून तीर देते, वर एक कोयताही देते. शेळी परत ने."

लखमाने कमठा फिरवून पाहिला. रंग नाही, नक्षी नाही. असा कमठा खांद्याला लावून पाड्यावर गेलो तर? एवढं सगळं दिलं आणि हा पोरांच्या खेळातली काठी घेऊन आला, असं कुणी म्हणालं तर? त्याने कमठा खाली ठेवला. "बघून येतो," म्हणाला आणि पुढे गेला.

पुढच्या दुकानात शिंगाचा कमठा टांगला होता. पितळी तारेने मढवलेला, मुठीला लाल कातडं. दुकानदार म्हणाला, "सरदाराचे शिकारी हेच वापरतात. हा खांद्यावर असला की कुणी विचारणार नाही, तू कधीपासून शिकारी झालास म्हणून."

नेमकं हेच लखमाला हवं होतं. भोवती माणसं जमली होती, म्हणून त्याने दोरी ओढूनही पाहिली नाही. शेळी गेली, मध गेला. कमठ्याबरोबर तीर मिळाले फक्त दोन.

पाड्यावर सगळ्यांनी कमठ्याला हात लावून पाहिला. कौतुक झालं. लखमाला दिवसभर बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो एकटाच माळावर गेला आणि त्याने दोरी ओढली. ती छातीपर्यंतही आली नाही. पुन्हा ओढली. दंड थरथरू लागले, घाम फुटला, दोरी तिथेच राहिली. तीर सोडून बघावा तर ते दोनच. दगडावर आपटून एखादा मोडला तर दुसरा आणायचा कशाच्या बदल्यात? त्याने तीर भात्यात ठेवले आणि घरी आला.

"जमतंय का रे?" पुनीने विचारलं.

"जमतंय," तो म्हणाला. त्या दिवसापासून त्याला जेवण गोड लागेना. कुत्रं भुंकलं तरी तो दाराशी जाऊन शेताकडे बघायचा. डुकरं आजच येऊ नयेत, एवढंच तो मनात म्हणायचा.

पण एका सकाळी उन्हं वर येत असतानाच बांधावरून हाक आली. मोठं रानडुक्कर नाचणीत शिरलं होतं. माणसं लांब उभी राहिली आणि लखमा पुढे झाला. त्याने होती नव्हती ती ताकद लावली. दोरी अर्धीच आली, हात हलला, तीर सुटला. तो डुकराच्या मांडीत वरवर रुतला. डुक्कर किंचाळलं, वळलं आणि ओढ्याच्या झाडीत घुसलं.

ओढ्यावर पुनी पाण्याला गेली होती.

लखमा कमठा टाकून धावला. काटे लागले, ठेच लागली, त्याला काही कळलं नाही. पुनी एका खडकावर चढून उभी होती. खाली हंडा फुटला होता, आणि डुक्कर खडकाला धडका देत होतं. लखमाने दगड उचलून मारला, ओरडला. डुक्कर त्याच्यावर आलं. सुळा पोटरीत शिरला, तो कोसळला. तेवढ्यात मागून माणसं भाले आणि पेटते पलिते घेऊन आली, तेव्हा कुठे ते जनावर रानात पळालं.

पुनी खाली उतरली. आपलं लुगडं फाडून तिने त्याची पोटरी बांधली. "खरं सांग," ती म्हणाली. "तो कमठा तुला ओढता येत होता का?"

लखमाने मान खाली घातली. "नाही. पहिल्या दिवसापासून नाही."

म्हातारा शिकारी काठी टेकत आला. तो रागावला नाही. पण जे बोलला ते रागावण्यापेक्षा जड होतं. "जखमी जनावर रानात मोकळं आहे, लखमा. आता ते शेतापुरतं राहिलं नाही, माणसावर येईल. ज्याच्या तिराने ते जखमी झालं, त्यानेच त्याचा शेवट करायचा असतो."

मग पाड्यावर भीतीचे दिवस आले. बायका एकट्या पाण्याला जाईनात. पोरांना अंगणाबाहेर सोडेनात. गुरं दावणीलाच राहिली. नाचणीच्या राखणीलाही कुणी धजेना, आणि बाकीची डुकरं रोज थोडं थोडं पीक खात राहिली. प्रत्येक दार लवकर बंद व्हायचं, आणि प्रत्येक बंद दार लखमाला आपल्याकडे बघतंय असं वाटायचं.

त्याने घरच्याच बांबूचा साधा कमठा केला. टोपल्या विणणारा हात, बांबू त्याच्या ओळखीचा. सरळ काटक्या तासून ढीगभर तीर केले. लंगडत माळावर जायचा आणि केळीच्या खुंटावर मारत बसायचा. तीर हरवले, मोडले, तो नवे करायचा. कुणी हसलं तर हसू द्यायचा. हळूहळू तीर खुंटात एका जागी रुतू लागले.

मग एके दिवशी तो माग काढत निघाला. पुनी भाला घेऊन बरोबर होती. करवंदीच्या जाळीत ते डुक्कर पडून होतं. मांडी सुजून काळी पडली होती, माश्या घोंगावत होत्या. माणसांचा वास आला तसं ते धडपडत उठलं. लखमाने दोरी ओढली, ती कानापर्यंत आली. तीर बरगडीत गेला. डुक्कर दोन पावलं चाललं आणि आडवं झालं.

लखमाला आनंद झाला नाही. आपल्या हौसेपायी त्या मुक्या जिवाने किती दिवस काढले, हे त्याला समोर दिसत होतं.

त्या वर्षी निम्मंच पीक हाती आलं, आणि पाड्याने उरलेलं वर्ष कंद खोदून काढलं. लखमा पुढे चांगला शिकारी झाला, पण लंगडतच. तो शिंगाचा कमठा एका सावकाराने थोड्या धान्यावर घेतला आणि आपल्या बैठकीत टांगला. तिथे तो शोभून दिसला, कारण तिथे तो कुणाला ओढायचा नव्हता.

तात्पर्य: नवं काम शिकताना हत्यार आपल्या हाताला झेपेल असं घ्यावं, लोकांच्या डोळ्यांत भरेल असं नव्हे.