वाकळीचा खडक

चपला खालीच काढा आणि पाय जपून ठेवा. हा वाकळीचा खडक. कडेपासून आत आत येणाऱ्या या पांढऱ्या रेघा टाक्यांच्या आहेत, असं सांगतात. मधोमध बोट जाईल एवढं भोक आहे. बोट घालू नका. दर वेळी कुणीतरी घालतंच.

फार मागे, वाडीत जेमतेम बारा चुली होत्या तेव्हा, इथं ठकू नावाची सून होती. हात गुणाचा, पण वाकळ पुरी करेल तर शपथ! जुनं लुगडं हाती आलं की नवी वाकळ मांडायची, चार बोटं शिवायची, की दुसरीचे रंग डोळ्यांत भरायचे. घरात अशा सात अर्धवट वाकळी पडून होत्या म्हणे. सासू धुरपा ओरडून दमली.

"ठके, नुसता काठ पांघरून झोपू का मी?"

"करते की आत्याबाई, घाई काय हाय?"

मग घाई आली. पौषात नणंद माहेरी बाळंत झाली, तीही सातव्या महिन्यात. पोर मांजराच्या पिल्लाएवढं. थंडी अशी की गवतावरचं दंव गोठलेलं. घरात पुरी वाकळ एकच, ती बाळंतपणात भिजलेली. पोर निळं पडायला लागलं. धुरपानं सातही वाकळी अंगणात आपटल्या.

"दिवस मावळायच्या आत एक पुरी कर. पोर गेलं तर तुझ्यामुळं गेलं म्हणीन!"

ठकूनं काय उचलावं? लाल-हिरव्या पोपटांची! जिचा नुसता काठ झालेला. ही गोष्ट किती वेळा सांगितली तरी या जागी आलं की माझं डोकं फिरतं. पोर निळं पडतंय आणि या बाईला पोपट सुचतायत!

धुरपानं ती हिसकावली आणि तळातली मळकट वाकळ तिच्या अंगावर फेकली. धुरपाच्याच विटक्या लुगड्यांची. ठकूला तिची लाज वाटायची, पण तिचा मधला हातभर भागच तेवढा राहिला होता. ठकू ती घेऊन या खडकावर आली, कारण ऊन इथंच होतं. आमच्या वाडीच्या देवीला, काटाईला, नवस बोलली, "ही पुरी केल्याबिगर दुसरी मांडणार न्हाई."

आणि वीतभर राहिलं तेव्हा दोरा संपला. संपणारच. सगळा सात ठिकाणी अडकवून ठेवलेला! ठकू घरी धावली. ठकूनं स्वतःच पोपटांचा काठ उसवला आणि खडकावर परत येऊन तोच दोरा सुईत ओवला.

सूर्य कड्याला टेकला आणि तिथंच थांबला म्हणे. शेवटचा टाका ठकूनं असा मारला की सुई वाकळीतून खडकात शिरली. ते हे भोक. पोर वाकळीत गुंडाळलं, तसं हळूहळू लाल झालं आणि असं रडलं की धुरपाचंही तोंड बंद झालं.

आजही पौषातल्या पहिल्या मंगळवारी बायका आपल्या अर्धवट वाकळी घेऊन इथं येतात. आपली आपण निवडायची नाही, शेजारणीनं निवडायची. ती नेमकी नावडती उचलते, आणि मग काय तोंडं वाकडी होतात! दोरा सरला तर मागायचा नाही, आपल्याच दुसरीचा उसवायचा. सगळ्यांच्या पुऱ्या झाल्याशिवाय कुणीच खडक उतरायचा नाही.

आजही मावळतीला सूर्य त्या कड्यावर जरा अडकल्यासारखा दिसतो. तरी दर वर्षी कुणी ना कुणी त्याच्या भरवशावर गप्पा मारत बसते, आणि तिच्यापायी आम्ही सगळ्या इथं कुडकुडतो.