खो-खो खेळणारे पाडस

नदीकाठच्या एका सागवानी जंगलात एक हरिणी आपल्या पाडसासह राहत असे. पाडस आता धड लहान नव्हते आणि धड मोठेही नव्हते. शिंगांचे नुकते कुठे कोंब फुटले होते, आणि आईने चारचौघांत चाटले की त्याला लाज वाटे. त्या जंगलात एका म्हाताऱ्या वानराची शाळा होती. तिथे पाऊलखुणा ओळखायला शिकवत. वर्षअखेरीच्या परीक्षेत जो पास होई, त्याला नदीवर जाताना आपापल्या कळपाच्या पुढे चालण्याचा मान मिळे. नापास झालेल्याला मात्र आणखी वर्षभर तान्ह्या पिल्लांच्या रांगेत चालावे लागे. मुलांनो, शिंगे फुटलेल्याला हे कसे सहन होणार, तुम्हीच सांगा!

हे पाडस शाळेच्या खो-खोच्या संघात होते आणि खेळातून त्याचा पाय निघत नसे. एक दिवस शेजारची नीलगाय हरिणीला म्हणाली, "ताई, यंदा परीक्षेचं वर्ष, आणि तुमचं पोर धूळ उडवत हुंदडतंय? माझं बघा, दिवसभर जागचं हलत नाही." हरिणीने त्याच दिवशी पाडसाचा खेळ बंद केला. करवंदीच्या जाळीत ओली माती सारवून तिने त्यावर सगळ्या प्राण्यांचे ठसे ओळीने काढले आणि पाडसाला समोर बसवले. "परीक्षा होईपर्यंत इथून उठायचं नाही," तिने बजावले. पाडस सकाळी बसले, दुपारी बसले, आणि बसल्या बसल्या पेंगू लागले.

सराव परीक्षेत ते सपशेल आपटले. तरसाच्या ठशाला त्याने चक्क बिबट्या म्हटले! हरिणी रडकुंडीला येऊन वानरगुरुजींना घरी घेऊन आली. "गुरुजी, खेळ बंद केला तरी ही गत. आता आणखी काय बंद करू?"

गुरुजींनी मातीतल्या एका ठशावर काठी टेकवली. "हा कुणाचा रे?"

"बिबट्याचा," पाडस म्हणाले.

"कशावरून?"

"आईच्या ओळीत तिसरा बिबट्याच आहे."

गुरुजींना हसू आवरेना. हरिणीला मात्र मुळीच हसू आले नाही.

"बाई, यानं ठसे सोडून ओळ पाठ केलीय," गुरुजी म्हणाले. "आमच्या संघाची रीत तुम्हाला ठाऊक नाही वाटतं. ज्याचा धडा कच्चा, त्याला त्या दिवशी मैदान बंद. खेळायला मिळावं म्हणून हा रोज धडा पक्का करून यायचा. खेळून आला की तरतरीत असायचा, मग पुढचा धडाही व्हायचा. तुम्ही खेळ बंद केलात, त्याबरोबर अभ्यासही बंद झाला."

"आई, मला कळपाच्या पुढे चालायचंय गं," पाडस कळवळून म्हणाले. "पण इथे बसून माझं डोकं जड झालंय."

हरिणीला हे सारे लगेच पटले असे नाही, पण लेकराचे उतरलेले तोंड तिला बघवेना. दुसऱ्या दिवसापासून पाडस धडा म्हणून दाखवून मैदानात जाऊ लागले आणि परत आले की न सांगता अभ्यासाला बसू लागले.

परीक्षेत ठसे उलटसुलट मांडले होते. शेवटचा तर पाण्याने अर्धा पुसलेला होता. पाडस त्याच्याभोवती एक फेरी मारून खाली वाकले. "तरस! नखं उमटलीत. बिबट्या चालताना नखं आत ओढून घेतो." पहिला नंबर साळिंदराच्या पिल्लाने पटकावला. पाडसाचा तिसरा आला, पण ते पास झाले.

दुसऱ्या सकाळी कळप नदीकडे निघाला तो पाडसाच्या मागून. पायवाटेच्या वळणावर ते एकदम थबकले, आणि पाठोपाठ सगळा कळप थबकला. "वाघाचा ठसा आहे. ताजा," ते हळूच म्हणाले आणि कळपाला दुसऱ्या वाटेने नेऊ लागले. मोठमोठ्या शिंगांचे नर त्याच्यामागे वळले. हरिणीचा ऊर भरून आला. पाण्यावर पोहोचताच अगदी मागून आलेल्या शेजारच्या नीलगायीने विचारले, "पुढे होतं ते कुणाचं हो? मागून ओळखू आलं नाही." हरिणी मान ताठ करून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "माझं! आणि खो-खोच्या संघात आहे बरं का!"

तात्पर्य : खेळ बंद केल्याने अभ्यास वाढतोच असे नाही, नेमाने खेळणाऱ्या मुलाला अभ्यासाची शिस्त आणि हुशारी खेळातूनही मिळते.