राणीचं लुगडं कशानं कापायचं

माणूस गेलं की त्याची ऊब कुठं जाते? तुमची आई, माझी आक्का, गेली तेव्हा मी सगळ्यांना विचारलं. जो तो पाठीवरून हात फिरवायचा, सांगायचं कुणीच नाही. बरं, सरका जरा. गोष्ट ऐका.

एक होता राजा. त्याच्या गावात झोप पायी चालत यायची, बरं का. पांढरी, मऊ, मांजरीसारखी. दिवेलागणीला डोंगर उतरायची आणि पोरांच्या उशाशी येऊन बसायची. पण राजाची राणी वारली, आणि झोप वाड्याच्या दारातूनच मागं फिरायला लागली. राणीची दोन लेकरं टक्क जागी पडून राहायची. वाळून काडीसारखी झाली.

मग गोधड्या शिवणारी भागाई म्हणाली, "राणीच्या लुगड्याची गोधडी करा. आईचा वास आल्याशिवाय झोप आत यायची नाही."

लुगडं एकच उरलं होतं. हिरवं, पदरावर तीन मोर. बिघडलं की संपलं.

राणीचा एक धाकटा भाऊ होता. भारी उतावळा. म्हणाला, "त्यात काय! मी कापतो."

मग त्यानं तलवार उपसली. सप्पकन वार केला. लुगडं वेडंवाकडं चिरलं, आणि पदरावरचा एक मोर उडून गेला.

मग त्यानं चुलीपुढची विळी आणली. लुगडं पात्यावर ओढलं. कांद्याच्या वासानं लुगडं शिंकलं, धागे निघाले, आणि दुसरा मोर उडाला.

मग त्यानं कात्री आणली. ती कापेचना, नुसतं कापड चावायला लागली. तिसरा मोर पंख झाडू लागला. तेवढ्यात भागाई धावत आली.

"अरे मेल्या, हिनं आधी काय कापलंस?"

"पतंगाचा कागद."

"कागदानं धार मरते! कापडाची कात्री वेगळी असते, बाबा."

तिनं आपली छोटी कात्री काढली. काठाला बोटभर चीर दिली आणि म्हणाली, "आता हातानं फाड. सुती लुगडं धागा धरून सरळ फाटतं."

"फाडू? आक्काचं लुगडं?"

"मग ठेव पेटीत. कसर खाईल, आणि लेकरं जागीच राहतील."

भाऊ रडायला लागला. हात काही उचलेना. मग लेकरांनीच दोन बाजू धरल्या.

"मामा, ओढू?"

त्यानं मान डोलावली. चर्रर्र! सरळ पट्टी निघाली, बरं का. एकेक पट्टी निघाली तसा राणीच्या अंगाचा वास वाडाभर पसरला. मोर तेवढा भागाईनं कडेकडेनं कात्रीनं कापला. विणलेली नक्षी फाडायची नसते.

मग गोधडी झाली. एक कोपरा शिवायचा राहिला होता. गोधडीला उपाशी ठेवू नये म्हणतात, म्हणून मामानं आत भाकरीचा तुकडा घातला, तोंड शिवलं आणि दातानं दोरा तोडला.

तशी झोप जांभई देत आत आली आणि दोघांच्या मधोमध बसली. लेकरं गाढ झोपली, मोठी झाली, सुखात राहिली.

आता तुम्हीही डोळे मिटा. पाय उघडे पडले की. थांबा, आईच्या गोधडीनं मी झाकतो.