खालच्या दरवाजाचा ठेका

"बाबा, उद्या चोपदारानं भर दरबारात विचारलं, कुणाचा कोण, तर काय सांगू?"

संदलनं हे विचारलं तेव्हा रेहानबाबा फकीर किल्ल्याच्या खालच्या दरवाजाशी उन्हात पाय पसरून बसले होते. ओहोटी लागली होती.

किल्ला कोकणच्या किनाऱ्यापुढे, भर पाण्यात उभा. थोरला दरवाजा गावाकडे तोंड करून, त्याच्यावर नगारखाना. खालचा दरवाजा मागच्या अंगाला, दर्याकडे. कोणे एके काळी हबसाणातून, म्हणजे दर्यापारच्या आफ्रिकेतून, गलबतं यायची, आणि साखळदंडात जखडलेली माणसं याच दरवाजातून विकायला आत घेतली जायची. संदलचा पणजा जौहर असाच आला होता. रेहानबाबांचा पणजाही.

उद्या नवा सरदार गादीवर बसायचा होता. निशाण चढताना सलामीचा नगारा वाजवायचा मान संदलला मिळाला होता. हात त्याचा तसाच होता, आणि तो तयार केला होता बाबांनी. पण रिवाज असा की नगारखान्याची पायरी चढण्याआधी नगारचीनं सगळ्यांदेखत आपलं घराणं सांगायचं.

"तुला काय सांगावंसं वाटतं?" बाबांनी विचारलं.

"अरबस्तानच्या घोडेस्वारांचं घराणं."

"घोड्यावर बसलायस कधी?"

संदलचे कान तापले. "थट्टा नको, बाबा. गुलामाचा पणतू म्हटलं तर तोंडावर हसतील. आलेला मान हातचा जाईल."

"बरं. आणखी काय ठरवलंयस?"

"सलामीचा ठेका सुधारणार आहे. ठोका, ठोका, आणि मग ती मेली रिकामी जागा! लोक म्हणतात, तुमचा नगारा लंगडतो. मी ती जागा भरून काढणार."

बाबा उठून उभे राहिले.

मग त्यांनी डोक्याचं लांबलचक फडकं सोडलं. एक टोक संदलच्या घोट्याला बांधलं, दुसरं स्वतःच्या. मधोमध एक चांगला जड धोंडा अडकवला.

"चल. आत जाऊ."

"हे काय पोरखेळ..."

"चल म्हटलं ना."

दरवाजातून वर जाणाऱ्या पायऱ्या रुंद होत्या आणि उंचही. पायरीवर पाऊल, पाऊल, मग थांबायचं आणि धोंडा वरच्या पायरीवर ओढून घ्यायचा. घाई केली की फडकं घोट्याला काचायचं. पाऊल, पाऊल... ओढ. पाऊल, पाऊल... ओढ.

अर्ध्या वाटेपर्यंत संदल कुरकुरत होता. मग त्याची कुरकुर थांबली. त्याची बोटं आपोआप मांडीवर पडू लागली होती.

"बाबा... हा तर सलामीचा ठेका!"

"मग?"

"पण तो तर सरदारांचा..."

"या किल्ल्यावर पहिला नगारा वाजवला कुणी?"

संदलला ठाऊक होतं. घरात सगळ्यांनाच ठाऊक होतं आणि कुणी ते तोंडातून काढत नसे. पणजा जौहरच्या हातात कुणीतरी टिपऱ्या दिल्या होत्या आणि वाजव म्हणून सांगितलं होतं. तो बिचारा काय वाजवणार? साखळदंडानं पायांत बसवलेली चाल होती, तीच त्यानं हातांत घेतली. तेव्हाच्या सरदाराला ते आवडलं आणि हुकूम सुटला. हा ठेका कानी पडला की लहानथोर सगळ्यांनी उठायचं, खुद्द गादीवरच्यानंसुद्धा, आणि नगारा थांबेपर्यंत खाली बसायचं नाही.

संदल त्या पायरीवरच बसला. आधी रडला. मग त्याला हसू फुटलं, आणि ते काही केल्या आवरेना.

बाबांनी गाठी सोडल्या, फडकं झटकलं आणि पुन्हा डोक्याला गुंडाळलं.

दुसऱ्या दिवशी दरबार खचाखच भरला. चोपदारानं काठी आपटली.

"नगारची कुणाचा कोण?"

"संदल! जौहरचा पणतू! खालच्या दरवाजातून आलेल्यांचा!"

कुजबुज झाली. पुढच्या बैठकीतला एक जाडजूड मानकरी तर फिदीफिदी हसला. पण निशाण दोरीला लागलं होतं, आणि ऐन वेळी दुसरा नगारची आणायचा कुठून? संदल ताठ मानेनं पायऱ्या चढला. बाबा त्याच्या मागोमाग गेले.

ठोका, ठोका...

ती रिकामी जागा त्यानं रिकामीच ठेवली. जितकी हवी तितकी.

ठोका, ठोका...

दरबार उठला. हसणारा मानकरी गुडघ्यांवर हात टेकत, धापा टाकत उठला. शेवटी नवा सरदार गादीवरून उठला आणि हात बांधून उभा राहिला. संदलच्या अंगावर काटा आला. इतका आनंद त्याला आयुष्यात कधी झाला नव्हता.

निशाण काठीच्या टोकाला पोहोचलं आणि वाऱ्यावर फडफडू लागलं.

"बाबा, चढलं निशाण. थांबू?"

बाबा कठड्यावरून वाकून खाली बघत होते.

"घाई कसली... उभे राहू देत अजून थोडा वेळ."