शर्वाणीचा केक

भांडीकुंडीच काय, दही-अंडीही बोलायची, त्या काळातली ही गोष्ट. छोट्या शर्वाणीला अंडं बाधायचं, म्हणून यंदा तिच्या वाढदिवसाच्या केकसाठी आईनं दही घेतलं. ओट्यावरचं अंडं सकाळपासून तळमळत होतं. “फसू दे केक, मग कळेल माझी किंमत!”

दह्यात सोडा पडला, मिश्रण फसफसलं आणि नेमकी आई शेजारणीशी बोलायला दारात गेली.

“अंडेदादा, फेस विरतोय, लगेच भट्टीत गेला नाही तर केक फसेल,” दही कळवळलं. “पोरीनं आजवर स्वतःचा केक चाखलेला नाही रे!”

अंड्याला राहवेना. ते घरंगळत ओट्याच्या कडेशी आलं, क्षणभर थरथरलं आणि खाली पडलं. फट्ट!

आई धावत आली. “अगं बाई, केक राहिलाच!” म्हणत तिनं भांडं भट्टीत सरकवलं.

केक टम्म फुगला. शर्वाणी दुसरा तुकडा मागत होती, तेव्हा आई फरशी पुसत पुटपुटत होती, “हे अंडं कसं पडलं, देव जाणे!”